सांबा: फाइलींच्या देवघेवीचा आणि देखभालीचा इतिहास

कार्यालयातील एका संगणकावर साठवलेली फाइल दुसऱ्या संगणकावरून, जणू ती तिथल्याच डिस्कवर आहे अशा रीतीने, उघडता यावी, तीत फेरफार करता यावेत आणि दोघांनी ती एकाच वेळी उघडली तरी एकाच्या लेखनाने दुसऱ्याचे लेखन पुसले जाऊ नये, ही संगणकजालाकडून बाळगल्या गेलेल्या सर्वांत जुन्या अपेक्षांपैकी एक होय. ती पुरी व्हायची तर दोन्ही संगणकांमधील संवादाचे काटेकोर नियम आधी ठरलेले असावे लागतात आणि अशा नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये या कामासाठी रूढ झालेला प्रोटोकॉल म्हणजे एसएमबी, आणि युनिक्स व लिनक्स या प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांना तोच प्रोटोकॉल बोलता यावा म्हणून १९९२ पासून लिहिले आणि दुरुस्त केले जात असलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते असे सॉफ्टवेअर, म्हणजे सांबा. सांबाचा इतिहास सहसा एका बलाढ्य कंपनीशी दिलेल्या टकरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ती बाजू खरी असली, तरी या सॉफ्टवेअरच्या आयुष्याचा फार मोठा भाग नव्या निर्मितीपेक्षा डागडुजीत गेला आहे आणि त्याच्या टिकून राहण्याचे मुख्य कारणही ही डागडुजीच आहे.

एसएमबीचा उगम मायक्रोसॉफ्टमध्ये झालेला नाही. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास वैयक्तिक संगणकांच्या जालासाठी त्याची पहिली आखणी केली, मायक्रोसॉफ्टने तो उचलून आपल्या लॅन मॅनेजर या उत्पादनात वाढवला आणि पुढे विंडोजच्या प्रत्येक पिढीबरोबर त्यात नव्या आज्ञांची भर पडत गेली. याच काळात, १९८४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्ससाठी एनएफएस हा वेगळा प्रोटोकॉल आणला आणि त्याचे तपशील खुले केले, त्यामुळे युनिक्सच्या जगात अनेक कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी फाइलींची देवघेव करू लागली. एसएमबीच्या बाबतीत मात्र जुन्या रूपाचे काही दस्तऐवज उपलब्ध असले, तरी प्रत्यक्षात विंडोज यंत्रे काय बोलतात आणि लिखित वर्णन काय सांगते यांतले अंतर वाढतच गेले. टेबलावर विंडोज आणि सर्व्हरच्या खोलीत युनिक्स अशी विभागणी असलेल्या विद्यापीठांना आणि कार्यालयांना हे अंतर रोजच जाचू लागले.

ते बुजवण्याचा पहिला प्रयत्न ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत झाला. तेथे संगणकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये, डॉसवर चालणाऱ्या संगणकाला युनिक्स यंत्रावरील डिस्क वापरता यावी म्हणून, एक छोटा सर्व्हर लिहायला घेतला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती इतरांसाठी खुली केली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे पाथवर्क्स हे सॉफ्टवेअर ज्या प्रोटोकॉलने बोलते त्याची नक्कल त्यांना करायची होती. तो प्रोटोकॉल म्हणजे एसएमबीच होय, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. जवळजवळ दोन वर्षे हे काम बाजूला पडले. १९९३ च्या अखेरीस ते पुन्हा हाती घेतले गेले, तेव्हा सर्व विंडोज यंत्रांना ते उपयोगी पडेल हे स्पष्ट झाले आणि सॉफ्टवेअर जीपीएल या परवान्याखाली, म्हणजे ज्याने बदल करून ते वाटले त्याने आपले बदलही खुले ठेवले पाहिजेत या अटीवर, प्रसिद्ध होऊ लागले. आधीचे नाव दुसऱ्या कंपनीच्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाशी जुळत असल्याने १९९४ मध्ये ते बदलावे लागले, आणि एस, एम व बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द युनिक्समधील शब्दयादीतून शोधून ‘सांबा’ हे नाव निवडले गेले.

लिखित नियम अपुरे असताना प्रोटोकॉल शिकायचा कसा, या प्रश्नाला सांबाच्या लेखकांनी दिलेले उत्तर हा या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे. ट्रिजेल यांनी आपली पद्धत फ्रेंच उपाहारगृहाच्या दाखल्याने समजावून सांगितली आहे: फ्रेंच न येणारा माणूस तेथे बसून कोणत्या शब्दांनंतर कोणता पदार्थ टेबलावर येतो हे ऐकत आणि पाहत राहिला, तर हळूहळू त्याला भाषा उमगू लागते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की, दोन विंडोज यंत्रांमध्ये तारेवरून जाणारे माहितीचे तुकडे टिपून घ्यायचे, त्यातील कोणते बाइट कशानुसार बदलतात याचे तर्क बांधायचे, मग स्वतः तयार केलेले संदेश विंडोज सर्व्हरला पाठवून त्याचे उत्तर तपासायचे आणि तर्क चुकला तर तो सोडून द्यायचा. यात मायक्रोसॉफ्टच्या संहितेला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, केवळ बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासले जात होते. या पद्धतीतून निघालेली चाचणीची साधने पुढे सांबाबरोबरच वाटली गेली, आणि त्यांपैकी काही साधने एकच यादृच्छिक आज्ञा दोन सर्व्हरना एकाच वेळी देऊन त्यांची उत्तरे कुठे वेगळी पडतात ते शोधत असत. विंडोजचे उत्तर दस्तऐवजाशी विसंगत असले, तरी बरोबर तेच मानले जाई, कारण कार्यालयातील हजारो यंत्रांवरचे सॉफ्टवेअर त्याच वर्तनावर विसंबून असते.

हे काम किती चिकट आहे हे फाइलीच्या नावासारख्या साध्या गोष्टीवरून कळते. युनिक्समध्ये रोमन लिपीतील मोठी आणि छोटी अक्षरे भिन्न मानली जातात, विंडोजमध्ये ती सारखीच समजली जातात. त्यामुळे विंडोज यंत्राने मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या नावाची फाइल मागितली आणि डिस्कवर नेमक्या त्या नावाची फाइल नसली, तर सांबाला लगेच ‘नाही’ म्हणता येत नाही. अक्षरांच्या अन्य जुळणीने तेच नाव कुठे आहे का, हे पाहण्यासाठी संपूर्ण फोल्डरची यादी चाळावी लागते. लाखभर फाइली असलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल तयार करतानादेखील ही चाळणी करावी लागत असल्याने गती कोसळते आणि तक्रार मात्र सर्व्हरबद्दल होते. कुलपांचा प्रश्न याहून अवघड आहे. एसएमबीमध्ये सर्व्हर एखाद्या यंत्राला अशी मुभा देतो की, सध्या ही फाइल केवळ तुझ्याकडे आहे, तेव्हा बदल स्वतःजवळच साठवून ठेव आणि सवडीने पाठव. दुसऱ्या कोणी ती फाइल मागितली की सर्व्हर ही मुभा मागे घेतो, पहिल्या यंत्राकडून साठलेले बदल वसूल करतो आणि मगच दुसऱ्याला दार उघडतो. परंतु त्याच युनिक्स यंत्रावरील एखाद्या अन्य प्रोग्रामने ती फाइल परस्पर बदलली तर सांबाला त्याचा पत्ताच लागत नसे, आणि हे छिद्र बुजवण्यासाठी प्रथम सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्समध्ये व नंतर लिनक्सच्या २.४ आवृत्तीत, प्रणालीच्या गाभ्यातच सोय करावी लागली.

समोरची बाजू स्थिर राहत नव्हती, ही अडचण वेगळीच होती. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४ साठी निघालेल्या एका सुधारणा-संचाने पासवर्ड उघड्या रूपात पाठवणे डीफॉल्टनेच बंद केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता, पण त्यामुळे कालपर्यंत सुरळीत चाललेले अनेक सांबा सर्व्हर एका दिवसात विंडोज यंत्रांना नकार देऊ लागले, आणि प्रशासकांना एकतर विंडोजमधील नोंदी बदलून जुनी वाट पुन्हा उघडावी लागली किंवा सांबामध्ये कूटबद्ध पासवर्डांची व्यवस्था उभी करावी लागली. पाठोपाठ विंडोज एनटीच्या ‘डोमेन’ पद्धतीचा, म्हणजे सर्व वापरकर्त्यांची ओळख एकाच सर्व्हरने तपासण्याच्या व्यवस्थेचा, उलगडा ल्यूक लेटन आणि पॉल ॲश्टन यांनी सुरू केला. तो सांबात कोणत्या रीतीने आणि किती वेगाने आणावा यावरून मतभेद होऊन २००० मध्ये सांबा-टीएनजी ही वेगळी शाखा निघाली. मूळ प्रकल्पाने सावकाशीचा मार्ग धरला आणि सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने सांबा सर्व्हरला मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या पुढच्या पिढीत, सदस्य म्हणून सामील होता येऊ लागले.

मराठी आणि देवनागरीतील इतर भाषांच्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने ३.० या आवृत्तीचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. त्याआधीचा सांबा फाइलींची नावे ‘कोड पेज’ पद्धतीने, म्हणजे एका प्रदेशातील लिप्यांसाठी ठरवलेल्या मर्यादित चिन्हतक्त्यानुसार, पाठवत असे. विंडोज २००० पासून देवनागरी आली ती केवळ युनिकोडच्या आधारे, तिच्यासाठी विंडोजमध्ये असा कोड पेज तक्ता नव्हता. साहजिकच विंडोजवर मराठीत नाव दिलेली फाइल जुन्या सांबावर धडपणे उतरण्याची वाटच नव्हती. ३.० ने तारेवरील संवाद युनिकोडमध्ये आणि युनिक्सच्या डिस्कवरील नावे यूटीएफ-८ या युनिकोडच्याच रूपात ठेवायला सुरुवात केल्यावर ही अडचण दूर झाली. तरी एक खाच उरलीच. लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थांमध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार स्वतंत्र धरून, ३ बाइट घेते. म्हणजे विंडोजवर २५५ चिन्हांपर्यंत चालणारे नाव सांबामागच्या डिस्कवर ८५ चिन्हांतच संपते. ठरावाचा विषय, सभेची तारीख आणि विभागाचे नाव एकत्र गुंफून ठेवलेली लांबलचक मराठी नावे विंडोज यंत्रावर चालतात आणि सामायिक फोल्डरमध्ये टाकताना नाकारली जातात, त्यामागचे एक कारण हे आहे.

निरीक्षणातून शिकण्याच्या या पद्धतीची मर्यादा ॲक्टिव्ह डिरेक्टरीपाशी उघड झाली, कारण तेथे फाइलींच्या देवघेवीबरोबरच ओळखपडताळणी, नामनोंदणी आणि सर्व्हर-सर्व्हरमधील माहितीची आपसांतली जुळवणूक इतकी गुंतलेली होती की केवळ तार ऐकून ती पुरती उलगडणे फार दिवसांचे काम झाले. म्हणून युरोपातील न्यायालयीन लढा सांबाच्या देखभालीचाच भाग ठरतो. सन मायक्रोसिस्टिम्सने डिसेंबर १९९८ मध्ये केलेल्या तक्रारीवरून युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि प्रतिस्पर्धी सर्व्हरना विंडोजशी संवाद साधण्यासाठी लागणारी माहिती देण्याचा आदेश दिला. मायक्रोसॉफ्टने या निर्णयाला आव्हान दिले. त्या दरम्यान सन आणि नॉव्हेल या कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टशी तडजोड करून अंग काढून घेतले, परंतु फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप आणि तिच्या बाजूने उभा राहिलेला सांबाचा चमू खटल्यात टिकून राहिला. १७ सप्टेंबर २००७ रोजी लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने आयोगाचा निर्णय मुख्य मुद्द्यांवर कायम केला. त्यानंतर २० डिसेंबर २००७ रोजी, खास या कामासाठी स्थापन झालेल्या एका ना-नफा संस्थेमार्फत, एकरकमी १०,००० युरो भरून प्रोटोकॉलचे दस्तऐवज सांबाच्या लेखकांना मिळाले. दस्तऐवज गुप्त ठेवायचे, पण त्यांच्या आधारे लिहिलेली संहिता खुली करायला हरकत नाही, असा तो करार होता. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे दस्तऐवज सर्वांसाठी विनामूल्य प्रसिद्ध केले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अभियंत्याने जीपीएलखालील पॅच, म्हणजे संहितेतील नेमक्या बदलाचा मसुदा, सांबाकडे पाठवला.

या सर्व काळात सांबा ४ हे नवे रूप घडत होते. त्याची सुरुवात २००३ च्या सुमारास झाली, जानेवारी २००६ मध्ये पहिला नमुना आला आणि ११ डिसेंबर २०१२ रोजी ४.० प्रसिद्ध झाली, जिच्यामुळे सांबा स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा मुख्य सर्व्हर म्हणून काम करू लागला. या प्रदीर्घ प्रसववेदनेतून निघालेला एक निर्णय अभ्यासण्यासारखा आहे. सांबा ४ साठी फाइल-सर्व्हरचा भागही पायापासून नव्याने, अधिक नेटक्या मांडणीने लिहिला गेला होता, परंतु ४.० प्रसिद्ध करताना फाइलींच्या देवघेवीसाठी तो नवा भाग बाजूला ठेवून ३ च्या मालिकेतील जुना सर्व्हरच बसवण्यात आला. जुनी संहिता ठिगळांची होती हे खरे, पण तिच्यातील प्रत्येक ठिगळामागे कोण्या कार्यालयात प्रत्यक्ष आलेली अडचण होती आणि नव्या लेखनाला अशा अडचणींची फारशी ओळख झालेली नव्हती.

जुन्या संहितेवरचा विश्वास आंधळा असू शकत नाही, हे मात्र २०१७ ने दाखवून दिले. त्या वर्षीच्या १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने विंडोजमधील एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभर थैमान घातले आणि त्यानंतर १२ दिवसांनी, २४ मे रोजी, सांबातील एक वेगळा आणि गंभीर दोष जाहीर झाला. सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी असलेल्या कोणालाही तेथे आपली प्रोग्राम-फाइल ठेवून सर्व्हरकडूनच ती चालवून घेता येत असे. कारण अगदी लहान होते. सांबामध्ये काही अंतर्गत सेवा ‘पाइप’ या नावाने मागवल्या जातात आणि मागितलेली सेवा ओळखीची नसेल, तर त्या नावाचा जोडप्रोग्राम शोधून भरला जातो. मागणाऱ्याने सेवेच्या नावाऐवजी डिस्कवरील फाइलीचा पूर्ण मार्गच लिहिला, तर तोही तसाच स्वीकारला जात होता. पॅचने केलेला बदल इतकाच की, नावामध्ये तिरपी रेघ, म्हणजे मार्गातील फोल्डर वेगळे दाखवणारे चिन्ह, आढळले तर नोंदवहीत तशी नोंद करून मागणी नाकारावी. दोन-चार ओळींत भागलेला हा दोष मार्च २०१० मधील ३.५.० या आवृत्तीपासून, सात वर्षांहून अधिक काळ, संहितेत कोणाच्याही नजरेस न पडता राहिला होता. मुक्तस्रोत संहिता सर्वांना वाचता येते, पण वाचता येणे आणि कोणीतरी प्रत्यक्ष वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट पगार, वेळ व शिस्त यांवाचून होत नाही.

ती शिस्त सांबाच्या चमूने टप्प्याटप्प्याने घडवली आहे. पूर्वी चमूतील सदस्य आपला बदल थेट मुख्य संहितेत घालू शकत असे. आता प्रत्येक पॅच चमूतील दोघांच्या नजरेखालून गेलेला असावा लागतो, त्यानंतर तो स्वयंचलित यंत्रणेकडे जातो आणि ती संपूर्ण सॉफ्टवेअर नव्याने बांधून सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्यावरच बदल आत घेते. दर सहा महिन्यांनी नवी मालिका निघते. सर्वांत ताज्या मालिकेला सर्व दुरुस्त्या मिळतात, तिच्यामागच्या दोन मालिकांचा वाटा क्रमाने कमी होत जाऊन शेवटच्या मालिकेला केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळतात, आणि त्यामागचे सारे सोडून दिले जाते. सोडून देणे हाही देखभालीचाच भाग आहे. एसएमबीच्या मूळ रूपात आज्ञांची संख्या शंभरावर गेली होती, तर २००६ च्या अखेरीस विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या रूपात ती १९ वर आणली गेली. जुने रूप तरीही वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागले आणि सप्टेंबर २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून सांबाने ते डीफॉल्टने बंद केले. या कामाचा खर्च हौशी लेखकांच्या सवडीवर भागत नाही. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील सर्नेट, न्यूझीलंडमधील कॅटलिस्ट, तसेच रेड हॅट आणि गूगल यांसारख्या कंपन्यांनी आपल्या पगारी अभियंत्यांचा वेळ त्यासाठी दिला आणि २०२४ मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने, म्हणजे सार्वजनिक उपयोगाच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसाठी उभारलेल्या सरकारी निधीने, सुमारे ६ लाख ८८ हजार युरोंची तरतूद केली. रस्ते आणि पूल यांच्या देखभालीवर सरकारने पैसा खर्च करावा हे जसे गृहीत धरले जाते, तसे सॉफ्टवेअरच्या बाबतीत गृहीत धरले जाण्यास इतकी वर्षे लागली.

सांबाच्या वाटचालीचा निष्कर्ष असा की, दुसऱ्याच्या ताब्यातील प्रोटोकॉलवर उभे असलेले सॉफ्टवेअर कधीही ‘पूर्ण’ होत नाही; ते चालू ठेवण्यासाठी निरीक्षण, चाचणी, दस्तऐवजांचा हक्क आणि पगारी मनुष्यबळ या चारही गोष्टी अखंड लागतात, आणि त्यांपैकी एक जरी आटली तरी दोष साचू लागतात. २०१७ चा दोष ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्त्याही उपलब्ध झाल्या होत्या, परंतु फाइली साठवण्याची जी छोटी तयार उपकरणे शाळा, पतसंस्था, छापखाने आणि सनदी लेखापालांची कार्यालये विकत घेतात, त्यांतील अनेकांमध्ये सांबाच असतो आणि त्याची आवृत्ती उपकरणाच्या उत्पादकाने पाठवल्याशिवाय बदलत नाही. म्हणून असे उपकरण घेण्यापूर्वी त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि त्यात एसएमबीचे पहिले रूप चालू असेल तर ते बंद करून घ्यावे.